कंपनीच्या अलॉयवर रुंद टायर घालायचेत? आधी रिमची मागची बाजू बघा

प्रश्न निपाणीकडनं आलाय. गाडी अर्टिगा, कंपनीचेच पंधरा इंची अलॉय, टायर १८५/६५ आर१५. आता झिजलेत, नवीन घालायचेच आहेत तर रुंदच घालून सोडूया म्हणतात. पाहुण्यांच्या जुन्या इनोव्हाला २०५/६५ आर१५ आहेत, ती पण रिम पंधराचीच, मग तेच टायर आपल्या अलॉयवर का बसू नयेत? एका दुकानात विचारलं तर "बसतंय की, काही होत नाही" म्हणाले, दुसऱ्यानं "अजिबात नको" म्हटलं. आता कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मशीनवर ते टायर चढतंय, हवा भरली की बीड, म्हणजे टायरची रिमला धरून बसणारी कड, फटकन रिमला बसतंय, गाडी खाली उतरवली की दिसायला पण भारी दिसतंय. पण टायर रिमवर बसणं वेगळं आणि गाडीला बसणं वेगळं, आणि घोटाळा नेहमी ह्या दोन्हीच्या मध्ये होतोय. माझं उत्तर आधीच सांगतो, मग कारणं सांगत बसतो. २०५/६५ घालू नका. रिम साडेपाच इंच रुंद असेल तर १९५/६५ आर१५ पर्यंत जा, त्याच्या पुढं नाही. रिम त्याच्यापेक्षा अरुंद निघाली तर १८५ वरच राहा आणि तेच पैसे चांगल्या प्रतीच्या टायरवर घाला. बेळगावात टायर आणि अलाइनमेंटच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळं हे अंदाजानं सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे "पंधराची रिम" म्हणजे नुसता व्यास झाला. रिमला रुंदी पण असतीय, आणि रुंद टायरचा सगळा खेळ त्या रुंदीवर असतोय. चाक काढून उलटं करा, स्पोकच्या मागच्या बाजूला ओतकामातच आकडे उठवलेले असतात, १५ गुणिले ५.५ जे असं काहीतरी, आणि शेजारी ईटी म्हणून एक आकडा. त्यातला ५.५ म्हणजे रुंदी इंचात. टेप लावून मोजायला जाऊ नका, कारण ही रुंदी आतल्या बाजूला जिथं बीड टेकतंय तिथली असतीय. बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजलं तर जवळजवळ एक इंच जास्त येतंय आणि माणूस खुशीत येऊन मोठं टायर घेऊन येतोय. आकडा वाचायचा, मोजायचा नाही. चिखलानं भरलेला असेल तर ब्रशनं घासून वाचा.

आता प्रत्येक टायरला कुठल्या रुंदीची रिम चालतीय ह्याचे तक्ते ठरलेले आहेत. युरोपात ईटीआरटीओ म्हणून संस्था आहे, आपल्याकडं आयटीटीएसी, आणि टायर कंपन्या पण आपापल्या माहितीपुस्तकात तेच छापतात. १८५/६५ आर१५ ला ५ पासून ६.५ इंचापर्यंत रिम चालतीय, त्याला नेमकी शोभणारी ५.५. १९५/६५ आर१५ ला ५.५ ते ७, शोभणारी ६. आणि २०५/६५ आर१५ ला ५.५ ते ७.५. म्हणजे बघा, तुमची रिम ५.५ असेल तर २०५ कागदावर जेमतेम शेवटच्या पायरीला टेकतंय, म्हणूनच पहिला दुकानदार "बसतंय" म्हणाला. आणि रिम ५ ची असेल तर १९५ सुद्धा नियमात बसत नाही, मग २०५ चा विषयच संपला. बऱ्याच गाड्यांत खालच्या मॉडेलची लोखंडी रिम एक रुंदीची आणि वरच्या मॉडेलचं अलॉय वेगळ्या रुंदीचं असतंय, त्यामुळं "माझ्या मित्राच्या त्याच गाडीला बसलं" ह्याला काही अर्थ नाही, तुमच्या चाकाच्या मागं काय लिहिलंय तेवढंच खरं.

अरुंद रिमवर रुंद टायर घातलं की काय होतंय? पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं की मधला भाग जसा फुगतोय तसं टायर फुगतंय. दोन्ही बीड जवळ ओढले जातात, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बाहेर ढेरी काढतीय, आणि जमिनीला टेकणारा पट्टा सपाट राहायच्या ऐवजी मधनं बाहेर फुगल्यासारखा गोल होतोय. मग रुंद टायर घेऊन उपयोग काय झाला, रस्त्याला तर मधलाच भाग जास्त टेकतोय, मधनंच झिजतोय, कडेची नक्षी नवीच्या नवी. शिवाय वळणावर स्टेअरिंग फिरवलं की आधी साइडवॉल वाकतीय आणि मग गाडी वळतीय, हातात एक ढिलेपणा जाणवतोय. साइडवॉल जास्त हलली की जास्त तापतीय. आणि हवा कमी असताना जोरात वळण घेतलं किंवा खड्ड्याच्या काठावर चाक तिरपं आपटलं की बीड रिमवरनं सरकायचा धोका वाढतोय, ट्यूबलेसमध्ये बीड सरकला की हवा एका झटक्यात जाते. हे मी भीती घालायला सांगत नाही, पण सात माणसं बसणाऱ्या गाडीत ह्याचा विचार करायलाच लागतोय.

दुसरी गोष्ट उंची, आणि माझ्या मते लोक हीच सगळ्यात जास्त विसरतात. टायरवर १८५/६५ लिहिलंय त्यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, पण ६५ म्हणजे मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ६५ टक्के साइडवॉलची उंची. त्यामुळं ६५ तसाच ठेवून रुंदी वाढवली की उंची आपोआप वाढतीय. हिशोब घरी करता येतोय. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, वर-खाली मिळून २४०.५, त्यात पंधरा इंचाचे ३८१ मिळवा, चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/६५ चा येतोय ६३४.५, म्हणजे दोन टक्के जास्त. २०५/६५ चा ६४७.५, चार टक्क्यांच्या वर. आमच्या धंद्यात साधारण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, तीनच्या वर कुणी शहाणा माणूस जात नाही.

गाडीच्या कंपन्या ह्या बाबतीत किती काटेकोर असतात ते बघायचं असेल तर त्यांच्याच गाड्या घ्या. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ यायचे, वरच्याला १८५/६५ आर१५. बलेनोला खाली १८५/६५ आर१५ आणि वर १९५/५५ आर१६. दिसायला तिन्ही टायर एकदम वेगळे, रिम वेगळी, जाडी वेगळी. पण व्यास काढा, ६१९.६, ६२१.५ आणि ६२०.९. दोन मिलिमीटरचा पण फरक नाही! चौदाची रिम असू दे नाहीतर सोळाची, चाकाची उंची हलू दिलेली नाही, कारण गिअर, स्पीडोमीटर, एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), सस्पेन्शन सगळं त्या उंचीवर बसवलेलं असतंय.

उंची वाढली की काय काय बदलतंय ते सांगतो. काट्यावर १०० दिसताना १९५/६५ वर गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जास्त पळत असतीय, २०५/६५ वर चार. कंपन्या काटा मुद्दाम थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात, त्यामुळं दोन टक्के त्यात जिरून जातात, चार मात्र जिरतीलच असं नाही. किलोमीटर पण कमी नोंदले जातात, म्हणजे १९५/६५ वर खरे ५०,००० फिरलात तर मीटरवर साधारण ४९,०००. ह्याचा एक गमतीशीर परिणाम असा की टाकी भरून मायलेज काढणाऱ्याला मायलेज प्रत्यक्षापेक्षा कमीच पडल्यासारखं वाटतंय, त्यासाठी आधी मीटरचे किलोमीटर दुरुस्त करून घ्यायचे आणि मग भागायचं.

त्याहून महत्त्वाचं पिकअप. चाक मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच झाला. निपाणी ते कोल्हापूर सपाट हायवेला कळणार पण नाही, उलट इंजिन जरा शांत वाटेल. पण सात माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, एसी चालू आणि चोर्ला घाट चढायला लागलात की तिथं कळतंय. जिथं आधी तिसऱ्यावर गाडी निघत होती तिथं दुसरा टाकायला लागतोय, वळणावर क्लच जास्त वापरला जातोय. सीएनजीवर तर आणखीनच, आधीच सीएनजीला ओढ कमी. उतरताना पण तसंच, मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला तेवढाच जोर जास्त लावायला लागतोय. दोन टक्क्याला हे सगळं नावापुरतं आहे, चार टक्क्याला भरल्या गाडीत जाणवतंय. आणि रुंद टायर नुसतं रुंद नसतंय, जड पण असतंय, ते वजन फिरणारं आणि स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे गाडीला सगळ्यात महागात पडणारं.

मग इनोव्हाला कसं चालतंय? इनोव्हाला तो साइज कंपनीनंच दिलाय ओ. ती फ्रेमवरची मागच्या चाकांनी चालणारी जड गाडी, तिची रिम, तिचं सस्पेन्शन, चाकाभोवतीची मोकळी जागा, गिअरचं प्रमाण, सगळं २०५/६५ धरून केलंय. पंधरा हा आकडा सोडला तर दोन्ही गाड्यांच्या चाकात सारखं काही नाही.

आता जागा. रिम तीच ठेवली म्हणजे ऑफसेट, तो ईटी वाला आकडा, म्हणजे चाक गाडीला बसतंय ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते, तोच राहतोय, त्यामुळं वाढलेली रुंदी आत आणि बाहेर निम्मी निम्मी वाटली जाते. हे सोपं वाटतंय पण लोक बाहेरनंच बघतात, मडगार्डच्या बाहेर टायर येतंय का एवढंच. धोका आतल्या बाजूला असतोय. पुढच्या चाकाच्या आत स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा खांब, उभा असतोय, त्याच्यावर स्प्रिंगची खालची वाटी, आणि टायरचा खांदा तिथनं अगदी जवळनं फिरत असतोय. १८५/६५ ची खरी रुंदी साडेपाचच्या रिमवर १८९ मिलिमीटर असतीय, १९५/६५ त्याच रिमवर १९६ च्या आसपास, २०५/६५ २०४ च्या आसपास. म्हणजे १९५ ला एका बाजूला साडेतीन मिलिमीटर गेले, २०५ ला साडेसात. वर उंची पण वाढलीय, २०५/६५ ला तेरा मिलिमीटर वर, त्यामुळं खांदा नेमका स्प्रिंगच्या वाटीकडं सरकतोय. त्यात एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर काही मिलिमीटरचा फरक सहज दिसतोय, कुणाचा खांदा चौकोनी, कुणाचा गोल. त्यामुळं "अमक्याच्या गाडीला घासलं नाही" ह्यावर पण विसंबू नका.

तपासायची रीत अशी. एकच नवीन टायर रिमवर चढवून पुढं लावायला सांगा, चारही नव्हे. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून आत हात घालून बघा, टायर आणि स्ट्रटच्या मध्ये करंगळी सहज फिरली पाहिजे. प्लास्टिकच्या लायनरला, आणि मागं बंपरच्या कोपऱ्याला किती जागा राहतीय ते बघा. मग तेच चाक मागं लावा, गाडीत माणसं बसवा, दुकानात असतील नसतील ती सगळी बसवा, आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला किती अंतर राहतंय ते बघा. रिकामी गाडी जॅकवर असताना सगळंच मोकळं दिसतंय. खरी परीक्षा भरल्या गाडीत मागचं चाक खड्ड्यात गेल्यावर होतीय, आणि आपल्याकडं ऊसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याची काय अवस्था होतीय ते तुम्हाला मी सांगायला नको. चांगला दुकानदार एक टायर चढवून दाखवायला कधीच नाही म्हणत नाही. जो म्हणतोय "आधी चारीचे पैसे भरा", तिथनं उठा.

घासायला लागलं की काहीजण स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागं बसवायची जाड चकती, घालायला सांगतात. चाक बाहेर ढकललं की आत जागा होतीय हे खरं, पण बेअरिंगवरचा ताण वाढतोय, नट कमी आट्यांवर बसतात, आणि आता बाहेरच्या बाजूला मडगार्डला घासतंय. स्पेसर घालूच नका. तसंच बेळगावच्या उद्यमबागेत काय पण वळवून, कापून, जोडून मिळतंय, त्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, पण म्हणून अलॉयची रुंदी वाढवायला किंवा तडकलेलं अलॉय वेल्डिंग करायला जाऊ नका. ॲल्युमिनियमचं ओतकाम एकदा गरम करून जोडलं की त्याची मूळची ताकद परत येत नाही, आणि ते बाहेरनं दिसत पण नाही.

आता ग्रिपबद्दल बोलूया, कारण बहुतेकांना रुंद टायर त्यासाठीच पाहिजे असतंय. समज असा की रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्याला, म्हणजे जास्त पकड. तसं सरळ नाही ओ. रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा हे मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ह्यावर ठरतंय. वजन तेच, हवा तीच, तर टायर रुंद केलं की तो टेकणारा भाग आडवा वाढतोय आणि लांबीत कमी होतोय, एकूण आकारात फार फरक पडत नाही. आडवा वाढल्यामुळं कोरड्या रस्त्यावर वळणाला गाडी जरा जास्त पक्की वाटतीय, तेवढा फायदा खरा. पण साचलेल्या पाण्यात तोच रुंद पट्टा उलटा पडतोय, कारण तेवढ्याच वेळात त्याला जास्त पाणी बाजूला सारायला लागतंय. नाही सारता आलं की टायर पाण्यावर तरंगतंय, स्टेअरिंग एकदम हलकं होतंय आणि ब्रेक दाबून उपयोग नसतोय. जांबोटी सोडून कणकुंबीकडं पावसाळ्यात गेलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल, खानापूर तालुक्याचा तो भाग म्हणजे पावसाचं घर, वळणावळणाला रस्त्यावरनं पाणी आडवं वाहत असतंय. तिथं टायर दहा मिलिमीटरनं रुंद आहे का ह्यापेक्षा नक्षी किती खोल उरलीय हे दहापट महत्त्वाचं. कायद्यानं १.६ मिलिमीटर खोली पुरतीय, खाचेत जे छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत टायर झिजलं की संपलं. पण मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, वर्षात दोन-चारदा जरी गोव्याला जात असाल तर तीन मिलिमीटर उरलं की मिरगाच्या आधी बदला, पाऊस बघून बदलू नका.

म्हणून मी विचारतो की तुम्हाला रुंद टायर कशासाठी पाहिजे? ब्रेक लागत नाही, पावसात गाडी घसरतीय, ही तक्रार असेल तर त्याचं औषध रुंदीत नाही, रबरात आहे. कंपनी गाडीबरोबर जे टायर देते ते पुष्कळदा मायलेज धरून निवडलेले असतात, कडक रबर, कमी घर्षण. त्याच १८५/६५ मध्ये मऊ रबराचं, ओल्यावर चांगलं धरणारं टायर घातलं तर जो फरक पडतोय तो कडक रबराचं १९५ घालून कधीच पडणार नाही. मऊ टायर थोडं लवकर झिजेल, तेवढं सोसायची तयारी ठेवा. खड्ड्यात दणके बसतात, खाली घासतंय, ही तक्रार असेल तर मात्र १९५/६५ उपयोगी आहे, साइडवॉल साडेसहा मिलिमीटर उंच झाली, तेवढीच गाडी पण वर उठली, दणका मऊ होतोय आणि रिमचा काठ वाकायची शक्यता कमी होतीय. अथणीकडच्या काळ्या मातीच्या गाडीवाटा असू देत नाहीतर खानापूरकडचे जांभ्या दगडाचे रस्ते, दोन्हीकडं हा बदल लोकांना आवडलेला मी बघितलाय. मोबदल्यात स्टेअरिंग उभ्या गाडीत थोडं जड आणि मायलेज थोडं कमी, एवढंच.

आणि नुसतं दिसायला रुंद पाहिजे असेल तर त्यात पण काही चूक नाही, स्वतःच्या पैशाची गाडी आहे, ती देखणी दिसावी असं वाटणारच. पण मग कंपनीच्या अलॉयवर कोंबू नका, योग्य रुंदीचा आणि योग्य ऑफसेटचा वेगळा सेट घ्या, व्यास ६२१ च्या आसपास राहील असा साइज निवडा. ज्यांना उंची अजिबात वाढवायची नाही आणि थोडंच रुंद पाहिजे त्यांना १९५/६० आर१५ पण आहे, त्याचा व्यास ६१५, एक टक्का कमी. रस्ता गुळगुळीत असता तर मी पण तेच सुचवलं असतं. आपल्याकडच्या रस्त्याला तीन मिलिमीटर क्लिअरन्स घालवायचं कशाला?

टायर घेताना साइजच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतंय, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ८८ एच म्हणजे एक टायर ५६० किलो वजन पेलतंय आणि ताशी २१० पर्यंत चालतंय. ९१ म्हणजे ६१५ किलो. मूळ टायरवर जो आकडा असेल त्याच्यापेक्षा खाली कधी यायचं नाही, रुंद टायर असलं तरी नाही. वर गेलं तर चालतंय. मग डीओटी लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी खपणाऱ्या साइजचं टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून असू शकतंय, म्हणून जरा वेगळा साइज घेणाऱ्यानं हे जास्त काळजीनं बघायचं. १९५/६५ आर१५ चं त्या बाबतीत बरं आहे, बऱ्याच गाड्यांना चालणारा साइज, ताजा माल मिळतोय आणि उद्या प्रवासात एखादं टायर फाटलं तरी कोल्हापूर, बेळगाव, हुबळी कुठं पण मिळेल.

चारही टायर एकाच साइजचे, शक्यतो एकाच नक्षीचे. पुढं दोन रुंद आणि मागं दोन जुने असं करायचं नाही. एबीएस चारही चाकांचा वेग सतत ताडून बघत असतंय, दोन चाकं मोठी आणि दोन लहान झाली की त्याला चुकीची माहिती जाते, आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं पुढचं टोक आणि मागचं टोक वेगळं वागायला लागतंय. बजेट दोनचंच असेल तर सरळ १८५ चे दोन घ्या, रुंदीचा विचार पुढच्या वेळी.

हवा किती भरायची हा प्रश्न येणारच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतंय, रिकाम्या गाडीला किती आणि भरल्या गाडीला किती, तिथनंच सुरुवात करा, थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघताना. रुंद टायर घातलंय म्हणून मऊ चालावं यासाठी २५-२६ पीएसआयवर आणायची एक पद्धत पडलीय, ती चुकीची. आधीच रिमच्या मानानं टायर रुंद, त्यात हवा कमी, म्हणजे वर सांगितलेला बीड सरकायचा धोका आपणच वाढवला. पहिले हजार-दोन हजार किलोमीटर झाले की नक्षीवरनं हात फिरवा. मध्ये जास्त झिजलं असेल तर एखादा पीएसआय कमी करा, दोन्ही कडा झिजल्या तर वाढवा, एकच कड झिजत असेल तर तो हवेचा दोष नाही, अलाइनमेंटकडं या.

अलाइनमेंट तर नवीन टायर घातल्या दिवशीच करायचं, उद्या नव्हे. बॅलन्सिंगला अलॉयवर चिकटवायची वजनं आतल्या बाजूनं लावून घ्या, काठाला ठोकायच्या क्लिपनं रंग उडतोय आणि तिथनं पाणी शिरून अलॉय फुगायला लागतंय. वॉल्व्ह नवीन घ्या, टायरच्या किमतीपुढं ते काहीच नाही. नट शेवटी हातानं टॉर्क रेंचनं आवळायला लावा, हवेच्या गननं धाड धाड मारलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर एकट्या माणसाला निघत नाहीत, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आवळून घ्या.

कायद्याचं पण थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. एका पायरीनं रुंद टायरवरनं रस्त्यावर कुणी अडवल्याचं माझ्या बघण्यात नाही, पण मडगार्डच्या बाहेर आलेलं टायर लांबनं दिसतंय, केए २२ च्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या माणसाला महाराष्ट्रात कागलच्या पुढं आणि एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या माणसाला कर्नाटकात कोगनोळीच्या अलीकडं तसं पण जास्तच बघतात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्विस सेंटरला विचारून घ्या, कारण स्टिकरवर नसलेला साइज घातला की उद्या स्ट्रट किंवा बेअरिंगचं काम निघालं तर ते पहिलं बोट टायरकडं दाखवणार.

राहिली स्टेपनी. तुमची स्टेपनी १८५/६५ चीच राहणार. १९५/६५ बरोबर दोन टक्क्याचा फरक आहे, पंक्चर काढेपर्यंत सावकाश चालवायला हरकत नाही, शक्यतो मागच्या चाकाला लावा, कारण पुढं लावली तर दोन चाकं वेगळ्या वेगानं फिरतात आणि डिफरन्शियलला, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला, विनाकारण काम लागतंय. म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक काढून पुढं आणि स्टेपनी मागं, दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. स्टेपनी घालून घाट उतरायला जाऊ नका, कणकुंबीत नाहीतर जांबोटीत पंक्चर काढून घ्या आणि मग खाली उतरा. आणि जुन्या चारपैकी एखादं टायर बऱ्या अवस्थेत असेल, बाजूला फुगा नसेल, चिरा नसतील, तर स्टेपनीचं टायर किती जुनं आहे ते त्याच चार आकड्यांवरनं बघून कुठलं ठेवायचं ते तिथंच ठरवा, दुकानदाराला सगळी एकदम देऊन मोकळे होऊ नका.